गल्लीतल्या ज्येष्ठांसाठी दिवसभर उघडी खोली: बेळगाव-खानापूर-निपाणीकडचे अनुभव हवेत

अनगोळकर

मंडळी नमस्कार,

आमच्या गल्लीत समाजाचा हॉल आहे. वरच्या मजल्यावर लग्नं, साखरपुडे, बारशी होतात. खालच्या मोठ्या खोलीत इतकी वर्षं मंडळाच्या आराशीचे सांगाडे, मंडपाची कापडं, पितळी भांडी असा पसारा होता. तो आता हलवलाय. मोकळ्या खोलीबद्दल पंचांपुढं दोन प्रस्ताव आहेत. पहिला, गाळा काढून दुकानाला भाड्यानं द्यायचा. दुसरा, साठीपुढच्या बायका-पुरुषांसाठी ती रोज दिवसा उघडी ठेवायची, महाराष्ट्रात ज्याला विरंगुळा केंद्र म्हणतात तशी. हा दुसरा प्रस्ताव माझा आहे. पुढच्या बैठकीत तो नीट मांडायचाय, म्हणून हा धागा.

अशा खोलीला मी दवाखान्याच्या बरोबरीची गरज मानतो. पहाटे फिरून येऊन कट्ट्यावर पेपर वाचणारे काका ठणठणीत आहेत, त्यांचं त्यांना जमतंय. काळजी वाटते ती उंबऱ्याच्या आतच राहिलेल्यांची. एक मुलगा पुण्याला, दुसरा उद्यमबागेत कामाला, सून शाळेत नाहीतर दुकानात, नातवंडं शाळा आणि ट्यूशनला. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत घरात एक माणूस आणि एक टीव्ही. त्यात आपल्याकडचा पाऊस. मिरग लागला की ही माणसं आत जातात ती दसऱ्याच्या सुमारास बाहेर दिसतात, आणि तोवर बऱ्याच जणांच्या हातात काठी आलेली असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाचा अहवाल जून २०२५ मध्ये आला. जगात सहापैकी एका माणसाला एकटेपणा ग्रासतो आणि त्यापायी वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यू होतात, असा त्यांचा हिशोब आहे. त्याआधी २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून पाहिलं होतं. माणसांशी नाती घट्ट असलेल्यांची अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली होती. हे आकडे मी पंचांना सांगेनच, पण आकड्यांनी आमची गल्ली हलणार नाही. म्हणून तुमच्याकडचं सांगा. कुठं असं चालू आहे? कुठं सुरू होऊन बंद पडलं, आणि का? बायका येतात का?

सांबरा_रोड

चांगला विषय. वाचतोय.

येळ्ळूरचा

विरोधासाठी विरोध करत नाही, पण काही शंका आहेत.

आपल्याकडं देऊळ आहे, भजनी मंडळ आहे, रोज संध्याकाळी हरिपाठ आहे. एकादशीला गाव जमतं, काकड आरतीला महिनाभर पहाटे जमतं. पंढरीच्या दिंडीत सत्तरी पार केलेली माणसं चालतात. मग वेगळं केंद्र कशाला? शहरात शेजार तुटलाय म्हणून तिथं ही सोय लागते.

दुसरं, त्या १४८ अभ्यासांबद्दल. जो धडधाकट आहे तोच बाहेर पडतो, चार माणसांत मिसळतो. मग मिसळल्यामुळं जास्त जगला की मुळातच तब्येत चांगली होती म्हणून मिसळला?

तिसरं, डोळ्यांनी बघितलेलं. अशा खोल्यांची किल्ली वर्षभरात चार पुरुषांकडं जाते. पत्ते सुरू होतात, निवडणुकीच्या गप्पा सुरू होतात, आणि बाकीच्यांचं येणं थांबतं. हे तुमच्या गल्लीत होणार नाही याची काय व्यवस्था?

फिजिओ_टिळकवाडी

तुमची दुसरी शंका रास्त आहे आणि संशोधकांनाही ती पडलेली आहे. जपानमध्ये ताकेतोयो नावाच्या गावात २००७ पासून ६५ वर्षांपुढच्या लोकांसाठी छोटी छोटी केंद्रं निघाली. गावातले स्वयंसेवकच ती चालवायचे. खेळ, हस्तकला, हलका व्यायाम, चहा, गप्पा, एवढंच. पाच वर्षं माग ठेवला. तब्येतीचा गोंधळ टाळायला त्यांनी घरापासून केंद्राचं अंतर हिशोबात घेतलं, कारण केंद्र कुणाच्या घराजवळ निघावं हे त्या माणसाच्या तब्येतीवरून ठरत नाही. तरीही उठण्या-बसण्यासाठी दुसऱ्याच्या आधारावर राहायची वेळ केंद्रात येणाऱ्यांवर, केंद्रात न जाणाऱ्यांच्या मानानं, जवळपास निम्मीच आली. म्हणजे मुळात तब्येत चांगली होती, एवढ्यानं हा फरक पूर्ण समजत नाही.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट अनगोळकरांच्या कामाची आहे. केंद्र जितकं घराजवळ, तितकी माणसं जास्त येत होती. शहराच्या मध्यावर एक मोठी इमारत बांधण्यापेक्षा गल्लीतली साधी खोली बरी, ती यासाठी.

आता माझ्या धंद्यातलं. आमच्याकडं पावसाळ्यात खुब्याच्या आणि मनगटाच्या हाडांचे पेशंट येतात. परसातली शेवाळलेली फरशी, न्हाणीघर, रात्री अंधारात उठणं ही नेहमीची कारणं. पडण्याच्या भीतीनं माणूस चालणं कमी करतो. चालणं कमी झालं की मांड्या बारीक होतात, आणि मग खरंच पडतो. हे चक्र तोडायला व्यायाम लागतो, आणि तो ठरावीक प्रकारचा लागतो. १०८ चाचण्यांचा एकत्र आढावा २०१९ मध्ये निघाला. त्यात घरी राहणाऱ्या ज्येष्ठांचं पडण्याचं प्रमाण व्यायामानं २३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. फायदा होता तो तोल सांभाळायच्या आणि उठ-बसीच्या व्यायामाचा. नुसत्या चालण्यानं पडणं कमी होतं असं त्यात ठामपणे दिसलं नाही. सकाळी फिरायला जातो म्हणून निर्धास्त असणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

केंद्रात काय करता येईल ते सांगते. हात न टेकता खुर्चीतून उठणं आणि सावकाश बसणं. भिंतीला बोटं लावून टाचा उचलणं. एका पावलापुढं दुसरं पाऊल टेकवून उभं राहणं. बाजूला चालणं. आठवड्यातून तीन दिवस तरी, हळूहळू वाढवत. ६५ च्या पुढं तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस असावेत, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. ज्यांना चक्कर येते, ज्यांचं नुकतं ऑपरेशन झालंय, छातीत दुखतं, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

एक सोपी तपासणी पण आहे. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पडायचा धोका आहे असं समजा. गल्लीतल्या प्रत्येकाची ही वेळ वहीत लिहा आणि काही महिन्यांनी परत घ्या. पंचांना दाखवायला याहून चांगला पुरावा नाही.

अनगोळकर

डॉक्टर ताई, फार उपकार झाले. वहीची कल्पना लगेच उचलतो. खुर्च्या कशा घ्याव्यात? हॉलच्या प्लास्टिकच्या चालतील का?

फिजिओ_टिळकवाडी

व्यायामाला नकोत, सरकतात आणि वाकतात. लाकडी किंवा लोखंडी, हात असलेल्या, बैठक साधारण १७ इंच उंच. मागं भिंत असू द्या.

जांबोटी रोड

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडून लिहितोय. येळ्ळूरचा, शेजार फक्त शहरात तुटलाय असं नाही. आमच्याकडं तरुण पोरं गोव्यात. काही घरांत गणपतीला आणि शिमग्याला माणसं दिसतात, बाकी वर्षभर आज्जा-आज्जी. पाऊस किती पडतो ते सांगायला नको. वाटा शेवाळतात, ओढे भरतात. शेजारीण दोन घरं सोडून राहते, पण जून ते सप्टेंबर भेट नाही. “एवढ्या पावसात कुठं जाऊ? पाय घसरला तर उचलून कोण आणतंय?” हे प्रत्येक घरातलं वाक्य.

तालुक्याच्या गावाला केंद्र काढलं तर आमचा एकही माणूस जाणार नाही. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत जून २०२३ पासून बायकांना बस फुकट आहे, पुरुषांना साठीनंतर तिकिटात २५ टक्के सूट आहे. पण सकाळी गेलेली बस दुपारी परत येईपर्यंत म्हाताऱ्या बाईनं स्टँडवर काय करायचं? जागा चालत जाण्याच्या टप्प्यातच पाहिजे.

आमच्या वाडीत देवळाचा मंडप आहे. त्याच्या दोन बाजूंना पत्रे मारून घेतले आणि मधल्या वाटेवर खडी टाकली. पावसाळ्यात दुपारी तिथं जमतात. कुणी भाताचं बी निवडतं, कुणी वाती वळतं, कुणी दोरी. बोलणं चालूच असतं. याला केंद्र म्हणा नाहीतर नका म्हणू. जे माणूस दोन दिवस आलं नाही त्याच्या घरी तिसऱ्या दिवशी कुणीतरी जातं. मागच्या पावसाळ्यात एका आज्जीला ताप भरून ती घरात एकटी पडली होती, ते असंच कळलं.

येळ्ळूरचा

हे पटलं. देवळाचाच मंडप वापरलात ते जास्त पटलं.

निपाणीकरीण

बायका येतात का, हा प्रश्न विचारलात म्हणून लिहिते. वेळ बघून आणि सोय बघून येतात.

आमच्या भागात सत्तरीच्या बायकांनी आयुष्यभर विड्या वळल्यात किंवा तंबाखूच्या वखारीत काम केलंय. मांडीवर सूप घेऊन दिवसभर वाकून बसायचं. आता मान, कंबर आणि बोटं धरलीत, तंबाखूच्या धुळीनं खोकला आहे. यांना कुणी निवृत्त म्हणत नाही. हातातलं काम सुटलं की घरातलं काम गळ्यात पडतं. नातवंडांना आणणं-सोडणं, भाजी निवडणं, पाणी भरणं. सकाळी दहाला किंवा संध्याकाळी पाचला केंद्र उघडलंत तर त्यातली एकही येणार नाही. संध्याकाळ तर चुलीची वेळ. मोकळी असते ती दुपारी दोन ते चार. त्या वेळी खोली फक्त बायकांची ठेवा. पुरुष दारात बसलेले असले की आत यायला या बायका संकोचतात, खास करून एकट्या राहणाऱ्या.

आणि संडास. स्वच्छ, पाणी असलेला, आतून कडी लागणारा, धरायला दांडी असलेला. वयस्कर बायका लघवीच्या त्रासापायी घराबाहेर पडत नाहीत, आणि हे त्या कुणाला सांगत नाहीत. खोलीला रंग नंतर लावा, आधी हे करा.

आमच्याकडं दुपारच्या बैठकीत सुरुवातीला नुसत्या गप्पा होत्या. मग कुणीतरी जुन्या साड्यांच्या वाकळा शिवायला काढल्या. आता एक शिवते, दुसरी बघते, तिसरी ओवी म्हणते. जात्यावरच्या ओव्या या बायकांना पाठ आहेत, त्या ऐकायला नव्या सुनाही यायला लागल्या. ज्या बायकांनी ऐंशीच्या दशकात वखारीत संघटना बांधून मालकांशी मजुरीसाठी झगडा केला, त्या आज घरात “आता तुला काय कळतंय” ऐकून घेतात. इथं त्यांना परत कुणीतरी विचारतं, ऐकतं. मला यात सगळ्यात मोठा फायदा हा दिसतो.

कडोलीचे गुरुजी

निपाणीकरीण, तुमचं शेवटचं म्हणणं मनाला लागलं.

माझ्या पाहण्यात ज्या जागा टिकल्या तिथं ज्येष्ठांना काम होतं. आमच्या सीमाभागात कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. मंडप, जेवण, ग्रंथदिंडी, पाहुण्यांची सोय, यात गावातले निवृत्त लोक महिना-दोन महिने राबतात. त्या दिवसांत त्यांच्या चालण्यात फरक पडलेला मी पाहिलाय. संमेलन झालं की परत घरात. ते वर्षभर कसं चालेल याचा विचार आपण करायला हवा.

काही कामं सुचवतो. गावातल्या जुन्या माणसांनी शेतांची, ओढ्यांची, पाणंदींची नावं सांगावीत आणि शाळेतल्या मुलांनी ती लिहून घ्यावीत. मराठी शाळेतल्या पहिली-दुसरीच्या मुलांना रोज अर्धा तास वाचून दाखवावं. ग्रामपंचायतींची वाचनालयं आता ‘अरिवु केंद्र’ म्हणून चालतात, तिथं दुपारी बसायला जागा असते. मराठी वर्तमानपत्र आणि चार मराठी पुस्तकं तिथं यावीत म्हणून पंचायतीला अर्ज द्यावा. बेळगाव शहरात तर दीडशेहून अधिक वर्षांचं सार्वजनिक वाचनालय आहे. तिथं पेपर वाचायला येणाऱ्या ज्येष्ठांना विचारा, वाचनालय त्यांच्यासाठी काय आहे ते. माणसाला उद्या सकाळी कुठंतरी पोचायचंय, कुणीतरी वाट बघतंय, एवढं असलं तरी तो नीट जेवतो, आंघोळ करून कपडे बदलतो. म्हातारपणी याला फार किंमत आहे.

मागावरची मुलगी

मी वडगावची. वडील चाळीसएक वर्षं मागावर होते, आधी हातमाग, मग पॉवरलूम. शहापूर, वडगाव, खासबागकडं ज्यांचं बालपण गेलंय त्यांना तो आवाज माहीत आहे. तिथं दिवसभर उभं राहिलेल्यांचे कान साठीच्या आधीच जातात. घरातले मात्र म्हणतात “म्हातारा हल्ली तुसडा झालाय, विचारलं तर उत्तर देत नाही.” त्यांना ऐकूच येत नसतं. चार माणसांत बसलं की सगळे हसतात आणि आपल्याला का ते कळत नाही, म्हणून हळूहळू बसणंच सोडतात.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशावरच्या आयोगाचा २०२४ चा अहवाल मी डॉक्टरांकडून समजून घेतला. बदलता येण्याजोगी १४ कारणं त्यांनी दिलीत. ती सगळी हटवता आली तर जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा पुढं ढकलता येईल, असा अंदाज आहे. त्यात बहिरेपण आहे, नजर कमी होणं आहे, एकटं पडणं आहे. आमच्या मागवाल्यांत ही तिन्ही एकाच माणसात सापडतात.

म्हणून केंद्र काढणाऱ्यांना हात जोडून विनंती. खोलीत प्रतिध्वनी कमी करा, जाड पडदे लावा, सतरंज्या घाला. टीव्ही शक्यतो ठेवूच नका. एका वेळी एकानं बोलावं, समोर तोंड करून. वर्षातून एकदा कान तपासायचं शिबिर घ्या. आणि ज्याला यंत्र मिळालंय त्याला ते वापरायला शिकवणारं कुणीतरी असू द्या. माझ्या वडिलांचं यंत्र कपाटात पडून होतं, कारण बॅटरी कशी बदलायची ते कुणी दाखवलंच नव्हतं. केंद्रातल्या एका काकांनी दाखवलं. आता ते दुपारी भजनाच्या चाली ऐकतात आणि चुकलं तर टाळ थांबवून सांगतात.

सध्या_पुण्यात

आई-बाबा शहापूरला, मी पुण्यात. इथं महापालिकेची विरंगुळा केंद्रं आहेत, बऱ्याच भागांत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. वाढदिवस, सहली, व्याख्यानं, आरोग्य तपासणी नियमानं होतं. आई-बाबा चार महिने माझ्याकडं राहिले की बाबा संघात रमतात. बेळगावला परत गेले की फोनवर आवाज बदलतो.

सीमाभागातल्या ज्येष्ठांची अडचण वेगळीच आहे. महाराष्ट्राची एसटी ७५ च्या पुढच्यांना फुकट आहे, ६५ ते ७५ ला निम्मं तिकीट, पण ती सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती. कर्नाटकात संध्या सुरक्षा योजनेतून ६५ वर्षांनंतर गरजूंना महिन्याला १,२०० रुपये मिळतात, पण अर्ज कन्नडमध्ये. बाबांच्या पिढीला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. कागद घेऊन कुणाच्या तरी मागं फिरायचं त्यांना कमीपणाचं वाटतं, म्हणून कितीतरी जण अर्जच करत नाहीत. असा कागद वाचून भरून देणारं माणूस केंद्रात आठवड्यातून एकदा बसलं तरी पुष्कळ.

जांबोटी रोड

@सध्या_पुण्यात हे काम आमच्याकडं दहावीची पोरं करतात. मराठी शाळेत शिकतात, कन्नड पण शिकतात. शनिवारी दुपारी येऊन अर्ज भरून देतात. आज्जी त्यांना लाडू देतात.

अनगोळकर

भाषेचा विषय निघालाच म्हणून सांगतो. आमच्या गल्लीत काही घरं कन्नड बोलणारी आहेत. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी आहोत, एकमेकांच्या लग्नाकार्यात वाढलोय. त्या घरांतल्या आज्जींनाही बोलवायचं असं मी ठरवलंय. पाटी दोन्ही भाषांत. भजन दोन्हीतलं. विठ्ठल दोघांचा आहे. सीमाप्रश्नावर ज्याची जी मतं आहेत ती असू देत, लढा ज्यांनी दिला त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण गुडघे सगळ्यांचेच दुखतात आणि दुपार सगळ्यांनाच खायला उठते.

आईची लेक

सगळं वाचलं. एक बाजू राहिलीय म्हणून लिहिते.

माझ्या आईला स्मृतिभ्रंश आहे. गल्लीतल्या केंद्रात तिला सुरुवातीला नेत होते. बायकांनी फार सांभाळून घेतलं. पण ती मधेच उठून बाहेर जायची, कुणाच्या पिशवीत हात घालायची. पुढं तिला तिथं ठेवणं कठीण झालं. गल्लीतली खोली आणि दिवसभर सांभाळणारं पाळणाघरासारखं केंद्र या दोन वेगळ्या गरजा आहेत. दुसऱ्यासाठी शिकलेलं माणूस, बंद फाटक, औषधांची नोंद, दुपारी निजायची सोय लागते. केरळमध्ये पंचायती ‘पकल वीडु’ नावाची दिवसाची घरं चालवतात. आपल्याकडं २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा जिल्ह्याला किमान १५० निराधारांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाबद्दल बोलतो. पण ज्यांना घर आहे, मुलं आहेत, आणि तरीही दिवसा बघायला कुणी नाही, त्यांचं काय? मी नोकरी सोडली. माझ्यासारख्या कितीतरी लेकी-सुनांनी सोडली असेल, त्याचा हिशोब कुठं लागत नाही.

तरी केंद्राबद्दल मी वाईट बोलणार नाही. आईचं विसरणं पहिल्यांदा लक्षात आलं ते तिथल्या बायकांच्या. सारीपाटात ती सोंगट्यांची घरं विसरायला लागली होती. घरात आम्ही वय झालं म्हणून सोडून दिलं असतं. लवकर कळल्यामुळं औषध, बँकेचे कागद, घरातली गॅसची व्यवस्था वेळेवर झाली. आणि आजही त्यातल्या दोघी जणी आठवड्यातून एकदा घरी येऊन आईपाशी बसतात. त्या वेळात मी बाजारात जाऊन येते.

फिजिओ_टिळकवाडी

ताई, तुम्ही लिहिलंत ते फार गरजेचं होतं. अनगोळकर, वहीत एक रकाना ‘घरी जाऊन भेट’ असाही ठेवा. जे येऊ शकत नाहीत त्यांच्याकडं केंद्रानं जावं.

राज्य सरकारचं ज्येष्ठ नागरिक आणि विकलचेतन म्हणजे अपंग यांच्यासाठी मिळून एक खातं आहे. संस्थांमार्फत ‘हगलु योगक्षेम’ म्हणजे दिवसाची केंद्रं चालवायची त्यांची योजना आहे. जिल्हा कार्यालयात जाऊन विचारा. आणि १४५६७ हा ज्येष्ठांचा मदतीचा नंबर खोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. घरात मारहाण, उपासमार, जमिनीवरून त्रास, असलं कुणी सांगायला लागलं तर केंद्रातल्या माणसाला पुढं काय करायचं ते ठाऊक पाहिजे. २००७ च्या कायद्यात पोटगीसाठी प्रांताधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो, वकील लागत नाही.

निवृत्त_सुभेदार

मराठा लाइट इन्फंट्रीमधून निवृत्त. गाव बेळगाव तालुक्यात.

किल्लीचा प्रश्न येळ्ळूरच्यांनी बरोबर काढला. आमच्या गावातली पद्धत सांगतो. किल्ली दर आठवड्याला बदलते. एक आठवडा बाईकडं, एक आठवडा पुरुषाकडं, नावं फळ्यावर लिहिलेली. उघडायची वेळ चुकली तर दुसऱ्या दिवशी पुढच्याकडं. पैसे लावून पत्ते बंद, तंबाखू-दारू बंद, पक्षाचा झेंडा बंद. जमा-खर्च दर महिन्याच्या पहिल्या तारखेला फळ्यावर. तीन वर्षं एकही भांडण पंचांपर्यंत गेलेलं नाही.

नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्याचं काम आम्ही केंद्रातच करतो. पूर्वी पेन्शनर बँकेत रांगेत उभे राहायचे. आता फोनवर चेहरा दाखवून होतं, ते आम्ही करून देतो. पहिल्या वर्षी फक्त फौजी आले. मग शिक्षक, रेल्वेवाले, फौजींच्या विधवा आल्या. दाखल्यासाठी आले आणि व्यायामाला थांबले. लोकांना बोलवायचं असेल तर त्यांचं अडलेलं काम करून द्या, भाषण नको.

अनगोळकर

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रस्ताव नव्यानं लिहिलाय, तो असा मांडणार.

सकाळी दहा ते बारा सगळ्यांसाठी. दुपारी दोन ते चार फक्त बायकांसाठी. सोमवार, बुधवार, शुक्रवार व्यायाम, वहीत नोंद. शनिवारी बाजार असतो म्हणून सकाळ बंद, दुपारी अर्ज भरायला शाळेतली मुलं. किल्ली सुभेदारांच्या पद्धतीनं. टीव्ही नाही. पंचांकडून एकदाच तीन गोष्टी मागणार: दांडीसह संडास, दाराशी पायरीऐवजी उतार, आणि हाताच्या खुर्च्या. वीज-पाण्याचा खर्च हॉलच्या लग्नांच्या भाड्यातून निघेल. दुकानाचं भाडं बुडतं हा आक्षेप येणारच. त्यावर मी एवढंच म्हणणार की हा हॉल ज्यांच्या वर्गणीतून उभा राहिला ती माणसं आज सत्तरीत आहेत. सिमेंटच्या पाट्या त्यांनी डोक्यावर वाहिल्यात.

भाड्याच्या बाजूनं बोलणारे दोन पंच मला जवळचे आहेत. त्यांच्या आईंना मी आधीच भेटून आलोय. दोघीही दुपारच्या वेळेला यायला तयार आहेत.

येळ्ळूरचा

वर्षभर चालवून दाखवा, मग आमच्या गावातही मांडतो. आमच्या जुन्या तालमीची एक बाजू रिकामी आहे. तोवर एक मदत करतो: माझं लाकडाचं काम आहे, खुर्च्या मी करून देईन. मजुरी नको, लाकडाचे पैसे द्या. बैठक १७ इंच, हात रुंद ना?

फिजिओ_टिळकवाडी

हो, १७. दोन खुर्च्या १९ च्या करा, ज्यांचे गुडघे फारच दुखतात त्यांना लागतील. पायांना खाली रबर लावा.

निपाणीकरीण

आणि बैठक सपाट, खोलगट नको. खोलगट असली की लुगडं नेसलेल्या बाईला पटकन उठता येत नाही.